नानांचा रिकामा डबा

गॅसचा रिकामा सिलिंडर परत देताना त्याच्या कड्याला कढीपत्त्याची जुडी बांधून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या मजल्यावरचे नाना केतकर. पहिल्यांदा सिलिंडरवाला चक्रावला. "अंकल, ये क्या?" "खाली बर्तन वापस नहीं करते, बेटा," नाना म्हणाले. आता तो जुडी न मागता घेतो आणि नानांचा सिलिंडर इतरांच्या आधी येतो.

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत हा नियम सगळ्यांना पाठ आहे. नानांकडे कुणी वाटीभर खीर पाठवली, की वाटी परत येताना तिच्यात काहीतरी असणारच. काजू, लिंबं, नाहीतर खालच्या झाडाचे आवळे. एकदा समोरच्या भल्लामॅडमना त्यांची बादली परत मिळाली ती तळाशी एका चिकूसकट. "रिकामं भांडं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं," हे नानांचं आवडतं वाक्य. ते बोलतानाही हातात काही नसलं तर बेचैन होतात.

मी फारसा बोलणारा माणूस नाही, लिहिणारा तर नाहीच. पण नानांवर हसून हसून मी ऑफिसात बऱ्याच जणांची करमणूक केली आहे, तेव्हा उरलेली गोष्टही मीच सांगायला हवी.

नानांच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा असतो. झाकणावर 'विमल' असं नाव घातलेलं. विमल म्हणजे नानांची धाकटी बहीण, राहणार नोएडा. नानांची बायको, आमच्या काकू, वारल्या त्या वर्षी विमलताईंनी त्या डब्यातून अनारसे पाठवले होते. डबा भरून परत करायचा, तर भरणाऱ्या काकू नव्हत्या. "विकतचं घालून द्या ना," मी एकदा म्हटलं. "विमलला वासावरून कळतं रे," नाना म्हणाले. मग डबा राहिला. डबा राहिला म्हणून जाणं राहिलं. जाणं राहिलं म्हणून फोन राहिले. भांडण काही नाही, नुसता एक डबा.

दर काही दिवसांनी नाना मला विचारत, "या रविवारी नोएडाकडे जाणं आहे का तुझं?" मी म्हणायचो, "ट्रॅफिक बघा ना नाना." ते लगेच म्हणत, "बिल्कुल, बिल्कुल. ट्रॅफिक फार." आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं. मला माझ्या सुट्टीपुरतं आणि त्यांना त्यांच्या डब्यापुरतं. त्यांना गाडी नको होती, नाही म्हणणारा कुणीतरी हवा होता. हे कळूनसुद्धा मी ते काम इमानेइतबारे करत राहिलो.

अशा माणसाला बहीण जोडायला परदेशी पाठवायचं आमच्या पालिकेला सुचलं.

युरोपातल्या एका डोंगराळ गावाशी भगिनी-शहराचा करार व्हायचा होता. त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तिथल्या लोकांना आपल्याकडचे जुने जोहड, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी, पुन्हा कशी जिवंत केली ते ऐकायचं होतं. नाना पाणी खात्यातून निवृत्त झालेले, तळ्यांचं काम त्यांनीच केलेलं. मी पालिकेत प्रेझेंटेशन बनवणारा. आणि शिष्टमंडळाचे प्रमुख चौधरीसाहेब, ज्यांना परदेशात फक्त दोन गोष्टींची काळजी होती: फोटो आणि डाळ.

निघायच्या आधी नानांनी आयुष्यात पहिल्यांदा चिवडा केला. फोनवर व्हिडिओ बघून. "बहिणीकडे हात हलवत कसं जायचं?" शेंगदाणे चांगलेच करपले होते. मी एक घास खाल्ला आणि बरंच पाणी प्यालो.

करार टाउन हॉलमध्ये झाला. तिथल्या महापौर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी कराराची प्रत एका कोरीवकाम केलेल्या लाकडी पेटीतून दिली. चौधरीसाहेबांनी कागद काढून फाइलीत घातला, पेटी शेजारी उभ्या नानांच्या हातात दिली आणि ते फोटोला वळले.

नानांनी पेटीत पाहिलं. रिकामी.

पुढचं मला दिसत होतं आणि मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मजा बघत होतो. नाना पेटी घेऊन समोरच्याच आमच्या मुक्कामाच्या हॉटेलात गेले, आम्ही जेवायला बसेपर्यंत परत आले, आणि भर पंगतीत त्यांनी ती पेटी दोन्ही हातांनी महापौरबाईंसमोर धरली. आत कागदी रुमालावर चिवडा.

दुभाष्या मुलीचा चेहरा उतरला. ती चौधरीसाहेबांच्या कानाशी लागली. ती पेटीच भेट होती. गावातल्या सुताराने आमच्या पालिकेसाठी मुद्दाम घडवलेली. भेट परत करतात, म्हणजे यांना करार नको आहे का, असं मॅडम विचारतायत.

"केतकर जी, मरवा दिया!" चौधरीसाहेब दबक्या आवाजात ओरडले. "गिफ्ट वापस कर दी आपने!"

नाना पांढरेफटक पडले. मग दुभाष्या मुलीकडे वळून हिंदी, इंग्रजी आणि घाबरल्यामुळे मराठीत म्हणाले, "मॅडमको बोलो, एम्प्टी नहीं देते. सिस्टरको तो बिल्कुल नहीं. एम्प्टी दिलं की ते... संपतं ना सगळं."

तिने काय भाषांतर केलं कोण जाणे. बाईंनी चिमूटभर चिवडा खाल्ला. बराच वेळ चावला. पेटी बंद करून आपल्याकडे ठेवली. पूर्ण संध्याकाळ चौधरीसाहेबांनी सोबत आणलेल्या डाळीलाही हात लावला नाही.

सकाळी आमची बस निघताना महापौरबाई सायकलवरून आल्या. कॅरियरला पेटी बांधलेली. पेटीत आलं घातलेली बिस्किटं, त्यांनी स्वतः घरी भाजलेली. त्या काहीतरी म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. दुभाष्या मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, माझीही थोडी जळली आहेत."

चौधरीसाहेबांनी ताबडतोब फोटो काढून घेतला. नानांनी मात्र एक बिस्किट उचललं, उलटं केलं, काळी कड अंगठ्याने चाचपली. विमानातही ते मधूनमधून तीच कड आठवत असावेत. एकदम म्हणाले, "एवढी महापौर बाई. लाजली नाही रे अजिबात."

परतल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात 'विमल' नावाचा डबा, अंगाला फोडणीचा वास. "नोएडाला..." एवढंच म्हणाले. माझ्या तोंडात ट्रॅफिक हा शब्द तयार होता. नानांनी डबा असा धरला होता, की तो शब्द मला गिळावा लागला.

पूर्ण रस्ता डबा त्यांच्या मांडीवर होता. यमुनेच्या पुलावर म्हणाले, "मागे फिरूया का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. हे ढोंग मात्र मला कधी टोचलं नाही.

विमलताईंनी दार उघडलं. नानांसारखंच नाक. त्यांनी भावाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, दारातच झाकण काढून चार दाणे तोंडात टाकले.

"करपलाय."

"हो," नाना म्हणाले.

"वहिनीचा हात नाही हा."

"नाही. माझा."

विमलताई डबा घेऊन आत गेल्या. आम्ही दारातच उभे. नाना आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते, ते कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे. आतून भांडं घासल्याचा, नळाचा, मग कढईत झारा आपटल्याचा आवाज आला.

"उभे काय राहिलात परक्यासारखे? बसा!" त्या आतूनच ओरडल्या.

निघताना त्यांनी तोच डबा नानांच्या पोटावर टेकवला. घट्ट झाकण लावलेला, अजून गरम.

"दादा, हा परत कधी आणतोयस?"

नानांनी डबा दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे वळले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"पुढच्या रविवारी," त्यांनी घसा साफ केला, "ट्रॅफिक कसं असेल रे?"

"मोकळं," मी म्हणालो.