आधी टेल

आमच्या शेजारचे आप्पा झाडांना चहाच्या चमच्याने पाणी घालतात.

नळ दारापाशी आहे. कुंड्या दारापासून मागच्या कुंपणापर्यंत. माझ्यासारखी कुणीही बाई नळाजवळच्या कुंडीपासून सुरुवात करेल. आप्पा बादली उचलून आधी थेट कुंपणापर्यंत जातात, शेवटच्या कुंडीला पाणी देतात आणि मग एकेक कुंडी पुढे सरकतात. यात दर खेपेला चाळीस पावलं वाया जातात, हे मी त्यांना मोजून सांगितलं.

"बाई, आधी टेल!" एवढंच उत्तर.

आप्पा कोल्हारच्या बाजूला पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची आणि पाळीपाळीने शेतांना पाणी सोडायचं, ही नोकरी. टेल म्हणजे चारीचं, कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाचं, शेवटचं टोक. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण टेल काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याचं मनगट धरून त्याला शेवटच्या ओळीकडे वळवतात. नवरदेवाचे काका रिकाम्या ताटाकडे बघत बसतात आणि मागची पोरं जिलबी खातात.

आयुष्यभर पाणी वाटलेल्या या माणसाने झाडं मात्र पाणी न मागणारीच जमवली. निवडुंग, कोरफडीची चुलत भावंडं, हुबेहूब दगडासारखी दिसणारी झाडं. आमच्या सासूबाईंनी त्यातलाच एक 'दगड' टाच घासायला उचलला, तेव्हा आप्पा कुंपणावरून ओरडले, "आहो काकू, ठेवा! जित्ता हाय त्यो!" सासूबाई आठवडाभर टाचेकडे संशयाने बघत होत्या.

पण त्यांचा खरा जीव ब्रोमेलियाडवर. हे झाड अननसाच्या भावकीतलं. पानं एकमेकांत बसून मधे वाटी तयार होते आणि पाणी त्या वाटीत घालायचं. सगळ्यांत मागे, कुंपणाला टेकून, हिरवट जाळीखाली रुपेरी पट्ट्यांचं एक ब्रोमेलियाड होतं. सात वर्षं फूल नाही. बाकीची झाडं प्रदर्शनात सहज नंबर मिळवतील अशी, पण आप्पा नेईनात. "ह्याचा नंबर आल्याबिगर दुसरं कुनी जायाचं न्हाई."

मला अर्धवट राहिलेली कामं बघवत नाहीत. मी आधी सगळ्या कुंड्यांची यादी केली. प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. गंगूबाई. बबन. रामजी. झाडांची नावं आप्पांनी हौसेने ठेवली असणार, असं मी धरून चालले. शेवटच्या कुंडीवर होतं, 'सीताराम खंडू, चारी नऊ'. मग मी चौकशी केली आणि दिवाळीनंतर आप्पांना उपाय सांगितला. वाटीतलं पाणी ओतून टाकायचं, झाडाशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवायचं, वरून पिशवी बांधायची, दहा दिवस उघडायची नाही.

"सफरचंद झाडाला? आजाऱ्याला भेटायला चाललोय व्हय?" आप्पा हसले. पण ठेवलं.

जानेवारीत वाटीतून गुलाबी तुरा वर आला, त्यात बारीक निळी फुलं. आप्पांनी मला पहाटे पाचला हाक मारली. मी अंबाडा न बांधताच धावले.

नगरच्या पुष्पप्रदर्शनाला आम्ही एसटीने गेलो. कुंडी आप्पांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, हिचं अर्धं तिकीट काढायचं का?" आप्पा म्हणाले, "फूल तिकीट काढ. पयल्यांदाच चाललाय त्यो."

फॉर्म अर्थातच मी भरला. आणि संध्याकाळी माईकवरून आवाज आला, "प्रथम क्रमांक, श्री. सीताराम खंडू, चारी नऊ!"

माझ्या यादीत पहिला रकाना झाडाच्या नावाचा, त्यांच्या फॉर्मवर मालकाच्या नावाचा. मी सवयीने भरून मोकळी झाले होते. सव्वीस वर्षं शाळेचं ऑफिस सांभाळलं, अशी चूक कधी झाली नाही. दुरुस्तीला उठले, तर आप्पांनी हात धरून खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या. बरोबर लिवलंय तुमी."

ते स्टेजवर गेले, चषक घेतला, आणि परतीच्या गाडीत बोलले. वरचे लोक मोटारी टाकून पाणी ओढायचे. टेलला थेंब पोचायचा नाही. वहीत मात्र पाळी झाली असं लिहावं लागायचं. लिहिणारा हात आप्पांचा.

"बाकीचे भांडायचे, शिव्या द्यायचे. सीताराम कधी मागाया आला न्हाई. नुसता बांधावर बसून चारीकडं बघायचा."

एकशे सदतीस पट्ट्या मी माझ्या हाताने उतरवून घेतल्या होत्या. आता त्यांवरची माणसं एकेक आठवू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चारी नऊच्या टोकाला गेलो. सीतारामबाबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन? पाटकरी का? आता रं काय आनलं?"

"नगरला पयला नंबर आलाय तुमचा." आप्पांनी चषक आणि कुंडी पुढे ठेवली.

"माझा? मी तर दवाखान्याबिगर नगर बघितलं न्हाई!"

"तरी आलाय."

बाबांनी चषक सुनेकडे दिला आणि कुंडी जवळ ओढली. तुऱ्याला बोट लावलं. दात नसलेलं तोंड भरून हसले. सुनेने गल्लीला हाका मारल्या, माणसं जमली, कुणीतरी गूळ आणला. आप्पांनी पहिला खडा मागे उभ्या असलेल्या म्हातारीला द्यायला लावला.

"ह्याला पानी किती लागतं?" बाबांनी विचारलं.

"वाटीभर. आठवड्यातनं एकदा."

"आन् घालायचं कुनी?"

"मी हाय की," आप्पा म्हणाले.

आता तुरा सुकला आहे आणि बुडाशी दोन पिल्लं फुटली आहेत. दर गुरुवारी आप्पा सकाळच्या एसटीने जातात, पिशवीत पाण्याची बाटली. सीतारामबाबांच्या दारातच नळ आहे, त्याला चांगलं पाणी येतं. बाबांनी ते आप्पांना अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी सकाळीच ते ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसतात.