साखर पेठ ते होटगी: एक स्थानक

कोणत्याही शहरात भुयारी रेल्वे येण्यापूर्वी तिचा नकाशा यावा लागतो. गाडीला उशीर झाला तर लोक वाट पाहतात. नकाशाला उशीर झाला तर कशाची वाट पाहायची हेच त्यांना कळत नाही. सोलापूरच्या नियोजित भुयारी रेल्वे कक्षाने हे ओळखून पहिल्या दिवसापासून सगळी ताकद नकाशावर लावली. त्याचं फळ असं, की आज चार वर्षांनंतर भुयार एक फूटही खणलेलं नसताना नकाशा मात्र तिसऱ्या आवृत्तीत आहे. (गाडी सुरू होण्याचं वर्ष त्यावर जागेअभावी दिलेलं नाही.)

हा नकाशा काढला सिद्धलिंग बिराजदारनं. वय एक्केचाळीस, हुद्दा आरेखक. याआधी सतरा वर्षं त्यानं शहराच्या गटारांचे नकाशे काढले होते आणि त्यात एक रेघ खोटी मारली नव्हती. गटार जिथं वळतं तिथं त्याची रेघ वळे. गटार जिथं तुंबतं तिथं तो एक छोटा काळा ठिपका देई. तो ठिपका पाहून कुणी कधी काही केलं नाही, पण ठिपका बरोबर जागी असे.

भुयारी रेल्वेचा पहिला नकाशाही त्यानं तसाच काढला. मोजून, मापून, उन्हात पायी फिरून. शहराच्या जुन्या भागात बारा स्थानकं मूठभर जागेत आली. भवानी पेठेच्या नावावर बुधवार पेठ चढली, आणि नव्या वस्तीच्या जुळे सोलापुराकडं वीतभर कागद मोकळा राहिला.

कक्षाचे प्रमुख आबासाहेब गव्हाणे यांनी तो नकाशा बराच वेळ न्याहाळला. "सिद्धलिंग, खरा हाय," ते म्हणाले. "पण वाचवत न्हाय."

"साहेब, गावच तसं वाकडंतिकडं हाय."

"गावाचं राहू दे. जमिनीखाली गेलेल्या माणसाला सूर्य दिसतो का? रस्ता दिसतो? त्याला एवढंच पायजे, की आपलं स्थानक कितवं. रेघा सरळ मार. स्थानकं सारख्या अंतरावर टाक."

हे म्हणणं शास्त्राला धरून होतं. जगभरचे भुयारी नकाशे असेच असतात, आणि त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही, कारण त्यांच्यावरून अंतर मोजायला कुणी जात नाही.

सिद्धलिंगनं रेघा सरळ केल्या. सिद्धेश्वर तलाव आयताकृती केला. नावं सुटी व्हावीत म्हणून काही स्थानकं इकडची तिकडं नेली. त्याची स्वतःची साखर पेठ वर गर्दीत नीट बसेना, म्हणून ती उचलून उजवीकडं खाली, निळ्या रेघेच्या टोकाला, होटगीच्या शेजारी ठेवली. प्रत्यक्षात दोन्हींच्या मधे पंधरा किलोमीटर आहेत. कागदावर दोन बोटं होती. डाव्या कोपऱ्यात जरा कागद उरला, तिथं आबासाहेबांच्या सांगण्यावरून मोडनिंब टाकलं. (मोडनिंब साठ किलोमीटरवर आहे; पण कोपरा रिकामा दिसत होता.)

नकाशा फार देखणा झाला. सिद्धलिंगला आयुष्यात पहिल्यांदा शाल-श्रीफळ मिळालं. त्यानं नकाशाची एक प्रत घरी भिंतीवर लावली. त्याची आई शांतम्मा, मूळची कानडी सीमेवरच्या मैंदर्गीची, चष्मा लावून बघून म्हणाली, "रांगोळी बरी काढलाय की."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं एक परिपत्रक निघालं.

शहरातल्या सात कार्यालयांची अंतरं सात प्रकारची होती. एकाच चौकापासून एकाच दवाखान्यापर्यंत कुणी दोन किलोमीटर धरी, कुणी साडेतीन. हा गोंधळ संपवण्यासाठी ठरलं, की यापुढं सर्व शासकीय अंतरं एकाच नकाशावरून मोजावीत, आणि तो नकाशा स्वच्छ, सुवाच्य व रंगीत असावा. या तिन्ही अटींत बसणारा नकाशा जिल्ह्यात एकच होता. एक स्थानक म्हणजे एक किलोमीटर, असा हिशेब ठरला.

जूनमध्ये सिद्धलिंगनं मुलीचा, पायलचा, पहिलीसाठी अर्ज भरला. शाळा घराला लागून होती. इतकी लागून, की घराची मागची भिंत आणि पहिलीच्या वर्गाची भिंत एकच होती. वर्षभर पायल त्या भिंतीला कान लावून बसे. पलीकडच्या बाई पाढे म्हणून घेत, आणि ही अलीकडून म्हणे. सोळापर्यंत पाठ झाले होते.

उत्तर आलं: अंतर सात किलोमीटर. मर्यादा एक किलोमीटर. अपात्र.

सिद्धलिंगनं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून मोजलं. साखर पेठेतून निळ्या रेघेनं वर 'सात रस्ता', तिथं गाडी बदलून लाल रेघेनं कन्ना चौक; शाळेच्या पत्त्यात तोच होता. बरोबर सात स्थानकं. चूक काढायला जागा नव्हती, कारण काम त्याचं स्वतःचं होतं.

तो शाळेत गेला. घरातून निघून शाळेत पोचायला त्याला अर्धं मिनिट लागलं. प्रवेशाचं काम बघणारा कारकून दीपक भला माणूस होता.

"सर, मला दिसतंय की," दीपक खिडकीतून बोट दाखवत म्हणाला. "त्या तुमच्या आई वाळवण घालायल्यात. पण दिसणं हा अंतराचा पुरावा धरत नाहीत. डोंगरसुद्धा दिसतो."

मग सिद्धलिंगनं कार्यालयातली लोखंडी टेप आणली. दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत अडतीस मीटर. तो आकडा, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि एक फोटो घेऊन तो आबासाहेबांकडं गेला.

"टेप उन्हानं वाढते," आबासाहेब म्हणाले. "नकाशा वाढत न्हाय."

"साहेब, नकाशा मीच काढलाय. साखर पेठ मीच खाली ओढली. नाव बसंना म्हणून."

आबासाहेबांनी दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते; पायलच्या बारशाला जेवून गेले होते. "हे बाहेर बोलू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "आता बोललास तर नकाशा चुकत न्हाय, तू चुकतोस. नकाशाची दुरुस्ती नागरिकाच्या हरकतीवर होते. कर्मचाऱ्याची न्हायतर त्याच्या घरच्यांची हरकत म्हणजे शिस्तभंग. नकाशा तीस दिवस सभागृहात लावू. एका, फक्त एका नागरिकानं लिहून दिलं, की बाबा अंतर चुकलंय, तर मी त्याच दिवशी सही करतो. शब्द माझा."

एक नागरिक! दहा लाखांच्या गावात एक! सिद्धलिंग हलक्या पावलांनी घरी गेला.

तीस दिवस तो नकाशाशेजारी टेबल टाकून बसला. समोर नोंदवही, तिला दोरीनं बांधलेला पेन. कुणाला काही सुचवायची त्याला मनाई होती. फक्त विचारलं तर सांगायचं. नोंदवहीवरून पुढील माहिती मिळते:

नकाशा पाहायला आलेले नागरिक: ४,३१२.
पैकी स्वतःचं घर शोधलेले: ४,३१२.
दुसऱ्याचं घर शोधलेले: ९ (पैकी ८ भावकीतले).
तलाव चौकोनी का, असं विचारलेले: २.
उत्तर ऐकायला थांबलेले: ०.

होटगीच्या नागूबाई आल्या, तेव्हा सिद्धलिंगला राहवलं नाही. "मावशी, होटगी साखर पेठेच्या एवढं जवळ हाय व्हय?"

"न्हाय की," नागूबाई म्हणाल्या. "एसटीनं येताना कंबर मोडली."

"मग तेवढं लिहा की हितं. दोनच ओळी."

नागूबाईंनी पेन बाजूला सारला. "लेकरा, आमच्या गावात कोण पोरगी देत नव्हतं. ह्यो नकाशा लागल्यापास्नं माझ्या पोराला तीन सोयरिकी आल्या. जवळ हाय तर असू दे."

मोडनिंबचे रावसाहेब मास्तर तर हात जोडून उभे राहिले. "आमचं गाव कुटं हाय ते आमाला ठाऊक हाय. साठ किलोमीटर. पण तुमी आमाला धरलंत. आता काढू नका."

घरी शांतम्मा रोज विचारी, "बाळा, आज तरी कोण लिवलं का रे?" आणि पायल विचारी, की शाळा लांब गेली म्हणजे भिंतसुद्धा लांब जाणार का. सिद्धलिंग नकाशाकडं बघे. नकाशावर भिंती दाखवत नाहीत.

मुदत संपली. हरकती शून्य. आबासाहेबांनी खरंच वाईट वाटून तसा अहवाल लिहिला, आणि नकाशा कायम झाला. पायलला नियमानुसार घरापासून एका स्थानकावरची शाळा मिळाली, म्हणजे होटगीची. ती पहाटे साडेपाचला उठते, आजीचा हात धरून एसटीत बसते आणि वाटेत झोपते. गैरहजेरीचे दिवस वाढल्यावर घरी पत्र आलं: शाळा एक किलोमीटरवर असताना विद्यार्थिनी अनियमित का, याचा खुलासा पालकांनी करावा. खुलासा लिहायला सिद्धलिंगला चार रात्री लागल्या. शेवटी त्यानं 'आळस' एवढंच लिहिलं. नोकरी टिकवायची होती.

शेवटच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. सभागृह बंद व्हायला दहा मिनिटं असताना आणखी एक नागरिक आला. घाई नव्हती. त्यानं नकाशा वरपासून खालपर्यंत वाचला. मोडनिंब पाहून तो मोठ्यानं हसला. मग थांबून म्हणाला, "ही साखर पेठ इथं कशी?"

सिद्धलिंग खुर्चीवरून उठला. त्यानं नोंदवही पुढं केली, पेनाची दोरी सोडून पेन मोकळा करून दिला.

नागरिकानं पेन घेतला. तेवढ्यात त्याची नजर नकाशावर थोडी बाजूला गेली आणि तिथं त्याला स्वतःचं घर सापडलं. गॅलरीच्या थेट खाली स्थानक. त्यानं फोटो काढला, घरच्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि वहीत लिहिलं: "नकाशा आवडला. असंच काम करत राहा."

चार हजार तीनशे बारावी नोंद. वही कुणालाही पाहायला खुली आहे. जाऊन बघा, अक्षर तुमचंच आहे.