भूकंपाची खोली आणि रंगनाथमामा

रंगनाथमामा सकाळी खोलीचं कुलूप काढतात, चपला बाहेर ठेवतात आणि भूकंपमापक यंत्राला विचारतात, "काय, बरं हाय ना?" उत्तराची क्षणभर वाट बघतात. मगच झाडू हातात घेतात.

कर्जतजवळच्या या केंद्रावर मी प्रमुख म्हणून रुजू झाले, तेव्हा मामांनी मला दारातच अडवलं. "म्याडम, टाच टेकवू नका, यंत्र पाऊलबी टिपतं. चवड्यावर या." प्रमुख मॅडम चवड्यावर आत गेल्या.

केंद्र म्हणजे माळावरच्या दोन दगडी खोल्या. गाव त्याला 'भूकंपाची खोली' म्हणतं. मूळचा हा जनावरांचा दवाखाना आणि मामा तिथले रोजंदारीवरचे शिपाई. पुढं दवाखाना गावात गेला. भूगर्भाचा अभ्यास करणारे लोक यंत्रासाठी पक्का खडक शोधत आले, मागच्या खोलीची फरशी उचकटली, तर खाली अखंड काळा पाषाण! "खोली पसंत पडली, अन् तिच्यासंगं मीबी," मामा सांगतात. "गाय घेतली की दावं येतंच की."

दवाखाना गेला, सवय राहिली. "जनावर मुकं, यंत्रबी मुकं. आपनच समजून घ्यायचं." आणि समजतं त्यांना! पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून सांगतात, "ह्यो खाणीतला सुरुंग. ह्यो उसाचा ट्रॅक्टर. अन् हे… हे लांबचं हाय म्याडम. लई लांबचं." तासाभरानं बातमी येते, समुद्रापलीकडे कुठंतरी भूकंप झाल्याची. आठवीत शाळा सोडलेल्या या माणसापुढं माझी पदवी गप्प बसते.

गेल्या हंगामात पुण्याहून साहेब आले. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर. नोंदीत नुसते त्यांचेच हादरे. "इथं राहण्यात अर्थ नाही. केंद्र हलवू," साहेब म्हणाले.

मामांनी हात जोडले. "पंधरा दिस द्या, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून मामा सायकलवर, ट्रॅक्टरवाल्यांच्या दारोदार. तलावाकडून एक रस्ता होता, पण लांबचा. "एवढा वळसा कशापायी?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"तुमची म्हैस विताना अडली हुती, तवा मी म्हनलो का, एवढ्या लांब कशापायी येऊ?"

असं मामांनी कधीतरी सोडवलेलं एकेक जनावर गावातल्या प्रत्येक गोठ्यात निघालं. चौथ्या दिवशी ट्रॅक्टर तलावाकडून जाऊ लागले. साहेब परत आले, शांत रेघा बघत राहिले आणि केंद्र हलवायचं सोडून छपराची दुरुस्ती मंजूर करून गेले.

दुरुस्तीसाठी कपाट रिकामं केलं. यंत्राच्या जुन्या कागदी नोंदी पुण्याला पाठवायच्या होत्या. मामांनी सगळे गठ्ठे बांधले, एक कागद मात्र छातीशी धरला. "ह्यो न्हाई देनार."

मी मागून घेतला. सरळ रेघा, मध्येच बारीक टोकं. शेजारी त्या वेळच्या साहेबांची लाल पेन्सिल: 'निरुपयोगी'.

"भूकंप?"

"न्हाई. आमची सुमन. तीन वर्सांची झाली तरी चालत नव्हती. डॉक्टर झाले, देव झाले. त्या दिशी तिला हितं भिंतीला टेकवून मी फरशी पुसत हुतो. उठली, अन् चालत आली माझ्याकडं." त्यांचं बोट एकेका टोकावरून सरकलं. "ही चार पावलं. हितं पडली. ही परत तीन. तिची आई उसतोडीला गेल्ती. माघारी आल्यावर तिनं ह्यो कागदच बघितला. रातभर उशाशी घेऊन झोपली."

ती माउली आता नाही. सुमनताई संगमनेरला नर्स आहेत; दिवाळीला येतात.

"त्यांना दाखवलात कधी?"

"तिला काय आठवतंय."

मी मोबाईलवर फोटो काढला. "पाठवू?"

मामा कागदाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "पाठवा. पन संग काय लिवू नका. वळखती का बघू."