अम्हारिक ‘ह’चे झाकण

जे परीक्षेत येते ते ज्ञान, बाकी सगळी नुसती माहिती. हे सत्य आम्हा लातूरकरांना फार लवकर कळले. भूकंपानंतर इथे आधी पत्र्याच्या शेड आल्या, मग सिमेंटची घरे आली आणि मग त्यांच्यावर क्लासचे मजले चढले. (मजले भूकंपरोधक आहेत. आतल्या शिक्षणाला तर कशानेच धक्का लागत नाही.)

अशाच एका मजल्यावर राजशेखर सर सरकारी भरतीचा क्लास चालवीत. एका वर्षी पेपरात प्रश्न आला: इथिओपियातल्या अम्हारिक लिपीचे पहिले अक्षर ‘ह’, त्याचा संगणकातला क्रमांक कोणता? उत्तर, १२००. एकदा आलेला प्रश्न पुन्हा येतोच, या श्रद्धेवर आमचे अख्खे गाव उभे आहे. सरांनी लगोलग नोट्स काढायला घेतल्या. टायपिंगवाल्या वकारने ते अक्षर इंटरनेटवरून उचलून चिकटवले, पण त्याच्या संगणकात त्या लिपीचा फाँट नव्हता, त्यामुळे नुसता कोरा चौकोन उमटला. पुढचे अक्षर घेतले, तरी चौकोन. त्याच्या पुढचेही तेच. वकार म्हणाला, काहीतरी घोटाळा हाय. सर म्हणाले, घोटाळा कसला, शहाणे लोक दिसतात. सगळ्यांना मिळून एकच अक्षर ठेवले आणि ओळखायला नंबर दिले. आपण क्लासमध्ये पोरांचे तेच करतो.

नोट्स रेणापूरपासून देगलूरपर्यंत गेल्या. पोरे घोकू लागली: चौकोन, ह, बाराशे.

मग नव्या बॅचसाठी पालक मेळावा ठरला. समोरच्या क्लासने निवृत्त कलेक्टर आणून दाखवला होता. आपला मेळावा पडला तर हा मजलाही समोरच्यांकडे जाणार, हे सरांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी थेट इथिओपियन माणूसच गाठला. भूकंपात टिकणाऱ्या घरांचा अभ्यास करायला नांदेडला येऊन राहिलेले तेस्फाये नावाचे संशोधक प्रमुख पाहुणे झाले.

सरांनी त्यांच्या हाती खडू दिला. तेस्फायेंनी फळ्यावर आपले पहिले अक्षर काढले. ते वाटीसारखे होते, वरून उघडे.

आपण दोन जिल्ह्यांना काय शिकवून बसलो, हे सरांना तिथल्या तिथे कळले. तेवढ्यात क्लासमध्ये पहिली येणारी रुखसार उभी राहिली.

“सर, पाव्हण्यांचं वरचं झाकण ऱ्हायलंय.”

पालकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पालकांकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि खडू घेऊन वाटीवर झाकण घातले. पाठोपाठ नंबर विचारला. तो पाहुण्यांना येईना. सरांनी त्यांना पन्नास टक्के गुण दिले आणि फाउंडेशन बॅचला फी माफ केली. तेस्फाये हसून म्हणाले, हे अक्षर मला आईने हात धरून शिकवले, नंबर तिलाही येत नसावा. सरांना मनापासून लाज वाटली. प्रवेश मात्र संध्याकाळपर्यंत फुल्ल झाले.

पुढच्या परीक्षेत प्रश्न खरेच आला: पडद्यावरचे अक्षर ओळखा, क्रमांक लिहा. केंद्रावरच्या संगणकातही तो फाँट नव्हता. चौकोन पाहून बाकीची पोरे तक्रार करत बसली, सरांच्या पोरांनी ‘ह, बाराशे’ लिहून टाकले. रुखसार एका तालुक्याच्या कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर लागली.

परवा सर तिच्याकडे रहिवासाच्या दाखल्याला गेले. हाती आलेल्या कागदावर नावाच्या जागी चौकोनांची रांग होती. माझं नाव कुठंय, सरांनी हळूच विचारले. रुखसार अदबीने उठली, कागद उजेडात धरून एकेक चौकोन तपासला.

“काय बी चुकलं न्हाई सर. झाकणं समदी बसलीत. खाली नंबर हाय की.”

चूक काढायला सरांना तोंड नव्हते. ते सही करून दाखला घेऊन आले.

वाचकहो, हसू आले असेल तर खुशाल हसा. आपला दाखला बिनचूकच असेल. फक्त आठवून पाहा, मागच्या वेळी खिडकीवर आपण आधी काय सांगितले होते, नाव की नंबर?