संहितेत नसलेलं वाक्य

दामूकाका आपल्याशी बोलत नाहीत. आपण त्यांच्याशी काय बोलायचं ते सांगतात.

समजा मी सकाळी त्यांच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "काका, मी जरा..." की काका खालच्या आवाजात, ओठ न हलवता पुढचं पुरवतात, "...शिडी मागाले आलो होतो." मी म्हणतो, "हो, शिडी मागायला आलो होतो." मग ते खुशीत मान डोलावतात आणि नेहमीच्या आवाजात म्हणतात, "घेऊन जा ना गा, इचारतं कायले?" शिडी हवी हे त्यांना कसं कळलं, असं विचारू नये. ते कुंपणापलीकडून सकाळपासून माझ्या फुटक्या कौलांकडे बघत बसलेले असतात.

काकांनी उभं आयुष्य झाडीपट्टीतल्या नाटकांचं प्रॉम्प्टिंग केलं. आमच्या सानगडीच्या बाजूला दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट मंडळी आज या गावात राजा, उद्या त्या गावात दारुडा. पाठांतराला वेळ कोणाला? सगळी भिस्त विंगेत संहिता घेऊन बसलेल्या माणसावर. त्यानं वाक्य टाकायचं आणि नटानं पकडायचं. काका दिवसा धानाच्या बांधीत राबायचे आणि हंगामात रात्री विंगेत बसायचे. पुढे खोकला लागला. नायिकेच्या विरहात विंगेतला खोकला मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ लागला, तेव्हा त्यांनी नाटक सोडलं. प्रॉम्प्टिंग काही सुटलं नाही. त्यासाठी गाव होतंच.

धंद्याचे नियम ते अजून कसोशीनं पाळतात. प्रॉम्प्टरनं कोणाचा पक्ष घ्यायचा नाही. नायकाला ज्या मायेनं वाक्य द्यायचं त्याच मायेनं खलनायकाला. मिळालेलं वाक्य नटानं कधी सोडायचं नाही. आणि सगळ्यात वरचा नियम, जो दिवसातून एकदा तरी आम्हाला ऐकवला जातो : "प्रॉम्प्टरले सोताचं वाक्य नसते, गा."

एकदा आमच्या गल्लीत लांजेवार आणि शेंडे यांचं सांडपाण्याच्या नालीवरून जुंपलं. काका दोघांच्या मधल्या भिंतीशी उकिडवे बसले. शेंडे रागानं थरथरत "लांजेवार, तू... तू..." करून अडले. भिंतीपाशी कुजबुज झाली आणि शेंडे कडाडले, "तू माझ्या सहनशीलतेचा अंत पाहतो आहेस!" लांजेवारांना काही सुचेना. पुन्हा कुजबुज. "अंत? अरे, ही तर केवळ सुरुवात आहे!" दोघंही लहानपणापासून मंडईची नाटकं बघत वाढलेले, वाक्य आलं की आवाज आपोआप चढायचा. बायाबापड्या जमल्या. लोक टाळ्या वाजवू लागले. नाली राहिली बाजूला. शेवटी काका म्हणाले, "पाठी फिरवा. पडदा!" आणि दोघं पाठी फिरवून आपापल्या घरी गेले. संध्याकाळी शेंडे तक्रार घेऊन आले.

"लांजेवारले भारी वाक्यं देल्ले तुमी."

"त्याची भूमिकाच मोठी होती," काका म्हणाले.

माझ्या लग्नातली गोष्ट मला सांगायची नाही, पण सुनंदा, म्हणजे माझी बायको, ती सगळ्यांना सांगतेच, तेव्हा मीच सांगितलेली बरी. उखाणा घेताना मी अडकलो. मांडवाच्या कनातीमागून काकांचा आवाज आला. बुडत्याला काडी मिळावी तसा मी एकेक शब्द पकडत गेलो आणि त्या घाईत, "थांब, श्वास घे, नवरीकडे पाह्य, मंग नाव," हेही मोठ्यानं म्हणून मोकळा झालो. आजही मी घरात जरा तावानं बोलायला लागलो की सुनंदा म्हणते, "थांबा, श्वास घ्या."

गावात काकांचं वाक्य न घेणारं एकच माणूस आहे. यशोदाकाकू, त्यांची बायको. काकू मनात येईल ते, येईल तेव्हा, येईल त्या आवाजात बोलतात. पाहुण्यांसमोर काका हळूच पुरवतात, "...घरी सर्व कुशल आहे ना?" आणि काकू म्हणतात, "लय वाळली वं तू, सासू जेवाले देत नाई का?" काका कपाळाला हात लावतात. "हे संहितेत नाई," ते पुटपुटतात.

तर अशा या घरात एक दिवस बातमी आली. सून प्रीती नर्स आहे. तिला न्यूझीलंडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. विलासनं, काकांच्या मुलानं, ठरवलं की जायचं तर सगळ्यांनीच : तो, प्रीती, त्यांची सातवीतली गुड्डी आणि दोघं म्हातारे. शेती ठेक्यानं दिली, साकोलीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान विकलं, घराची किल्ली माझ्याकडे यायची ठरली. गल्लीला वाटलं, काका काही हलायचे नाहीत. गल्लीनं तर त्यांचं नकाराचं भाषणसुद्धा मनात तयार करून ठेवलं होतं. काका एवढंच म्हणाले, "मंग तालीम घ्या लागन."

आणि तालमी सुरू झाल्या. चौकातल्या बिछायत केंद्रातून भाड्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि अंगणात विमान उभं राहिलं. गुरांच्या कोठ्याचं दार हे विमानाचं दार. बेल्ट म्हणून दुपट्टे. लांजेवार आणि शेंडे हे सहप्रवासी. दोघांनाही खिडकी हवी होती, त्यामुळे पहिला दिवस त्यातच गेला. चहाचा ट्रे घेऊन सुनंदा फिरायची, ती हवाईसुंदरी. काकांनी "उडालं!" म्हटलं की सगळ्यांनी पाठीमागे रेलायचं. शेंडे एकदा इतके मनापासून रेलले की खुर्चीसकट तुळशीपाशी जाऊन पडले, आणि काका खूश होऊन म्हणाले, "असं! याले म्हंते नट!"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून मला विमानतळावरच्या साहेबाची भूमिका मिळाली. लग्नातला कोट चढवून मी खाटेमागे बसायचो, आणि ओळीनं सगळे माझ्यापुढे यायचे. मी इंग्रजीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत सांगायचं, आणि काका खाटेखालून प्रॉम्प्टिंग करायचे. इंग्रजी वाक्यं त्यांनी गुड्डीकडून देवनागरीत उतरवून घेतली होती. विलास, प्रीती उत्तम उत्तरं द्यायचे. गाडं अडायचं काकूंपाशी.

"सामानात खायच्या वस्तू आहेत का?" मी विचारायचो. काकूंसाठी मराठीची सवलत होती.

"'नाही साहेब,'" खाटेखालून यायचं.

"हाय ना!" काकू सांगायच्या. "चिन्नोर तांदूळ हाय, लाखोळीची डाळ हाय, जवसाची चटनी हाय. तुले पायजे का थोडी?"

"अवं, ते जप्त करतीन!"

"करू दे ना. त्याले बी पोट असनच."

एक दिवस मी विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?" साहेब असं विचारतो की नाही, मला ठाऊक नाही, भूमिकेत मी जरा रंगलो होतो. काकू पदर सावरत म्हणाल्या, "हो. मले विमानाचं भेव लागून राहिलं. तिकडच्या थंडीचं बी भेव लागून राहिलं. पर सून जाते, नात जाते, मंग मी इथं कोनासाठी भात रांधू? मी येतोच."

खाटेखालून काका बाहेर आले. गुडघे झटकत म्हणाले, "भेवाचं वाक्य संहितेत नाई. काढून टाक."

सगळ्यांची तालीम झाली की उरायचे काका. मी घसा साफ करून "नेक्स्ट!" म्हणायचो, आणि नेमका तेव्हाच त्यांना चहा आठवायचा. कधी खुर्च्या मोजायला लागायचे, कधी शेंड्यांना पुन्हा रेलायला लावायचे. त्यांची पाळी काही केल्या यायची नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मी का नट हाव का? अन् मायं प्रॉम्प्टिंग कोन करन?"

गुड्डीनं कुठूनसं वाचून सांगितलं होतं की तिकडे माणसं थोडी आणि मेंढ्या उदंड. काका खूप हसले. "मेंढराईले का वाक्य देऊ आता?" असं त्यांनी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं. भाजीवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते तितकंसं हसले नाहीत.

निघायच्या आधी एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात डोकावलो. खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या. रिकाम्या विमानात काका एकटेच बसले होते, पोटाला दुपट्टा बांधून. मी शेजारच्या खुर्चीत टेकलो. मग नेहमीसारखी बाजूनं कुजबुज आली.

"'...काका, तुमी गेल्यावर आमाले वाक्य कोन देईन?'"

मी म्हटलं, "काका, तुम्ही गेल्यावर आम्हाला वाक्य कोण देईल?"

"देईन ना कोनी बी," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

मग मी माझ्या मनानं विचारलं, "आणि काका, तिकडे गेल्यावर तुम्ही काय कराल?"

काकांनी पोटाचा दुपट्टा सोडला. "हे वाक्य तुयं नाई, मास्तर," म्हणाले आणि खुर्च्या एकात एक रचायला लागले. सगळ्या गावाला शब्द पुरवणारा हा माणूस अशा मुलखात चालला होता जिथे कोणी अडलं तर याच्याकडे द्यायला तिथल्या भाषेतला एक शब्द नव्हता. हे त्याला आमच्या आधीच समजलं होतं, आणि म्हणूनच हे सगळं विमान उभं राहिलं होतं.

निघायचा दिवस उजाडला. नागपूरला जायला गाडी दाराशी लागली. बॅगा चढल्या. काकूंची चटणीही चढली. साहेबाला दाखवून काय ते बघू, असं ठरलं होतं. सगळी गल्ली जमली, आणि निरोपाच्या वेळी होतं तसं झालं : कोणालाच बोलता येईना.

काका कामाला लागले.

कोट घालून ते एकेकाजवळ जाऊ लागले आणि ज्याचं त्याला वाक्य देऊ लागले. शेंड्यांच्या कानाशी कुजबुजले. शेंडे छाती काढून म्हणाले, "दामूभाऊ, तुमच्यासारखा माणूस होणे नाही!" सुनंदाजवळ गेले. सुनंदा म्हणाली, "काका, तुमची वाट पाहीन." मग लांजेवार. लांजेवार हात उंचावून सुरू झाले, "दामू, तुझ्याविना ही गल्ली ओस..." आणि तिथेच अडले. काका पुढचं पुरवत होते, "'...पडेल,' लांजेवार, 'पडेल'," पण लांजेवारांनी ते घेतलं नाही. त्यांनी काकांना मिठी मारली.

आम्ही हसत होतो आणि डोळे पुसत होतो. स्वतःला जे ऐकायचं होतं ते हा माणूस गल्लीभर वाटत फिरत होता, आणि आम्ही ते मनापासून त्याला परत देत होतो.

शेवटी ते माझ्यासमोर आले. मी कान पुढे केला. काही आलं नाही. मी पाहिलं, काकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी हळूच म्हटलं, "काका, आता तुम्ही बोला ना काही. तुमचं."

"प्रॉम्प्टरले..." ते म्हणाले आणि थांबले. वाक्य त्यांचंच, रोजचं, आणि तेच पूर्ण होईना.

काकू गाडीत बसल्या होत्या. त्या उतरल्या, नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात, अगदी विंगेतल्यासारख्या म्हणाल्या, "'मले भेव लागून राहिलं.'"

काका कोटाची बटणं चाचपू लागले.

"घ्या ना वाक्य," काकू म्हणाल्या. "भेटलं वाक्य सोडाचं नसते म्हंता नं?"

काकांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग लहान पोर धडा म्हणतं तसे म्हणाले, "मले भेव लागून राहिलं, गा. तिकडं मायं कोन ऐकन?"

गल्लीत त्यांचं असं वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं. आता वाक्य द्यायला मागे कोणी नव्हतं. तेव्हा लांजेवार आपणहून बोलले.

"अरे, तिकडचे जाऊ दे ना दामू! मंडईत आमच्या पोट्ट्याईचं नाटक हाय. फोनवरून प्रॉम्प्टिंग कर. गुड्डी म्हने, इथं रात असली का तिथं सकाळ असते. तुयी झोप बी नाई मोडत!"

"अन् फोनमंदी खोकल्याचं बटन दाबता येते," शेंडे म्हणाले. "आवाज बंद होते."

काकांचा चेहरा उजळत गेला. "संहिता कोनती हाय?" त्यांनी विचारलं, "मुख्य नट कोन हाय?" आणि विलासनं शेवटी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं, नाहीतर भूमिकांचं वाटप तिथेच झालं असतं. काकू शेजारी बसल्या. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला होता, सगळ्यांसमोर. तालमीत असं काही ठरलेलं नव्हतं.

गाडी हलली. मी किल्ली मुठीत धरून नुसता बघत उभा राहिलो. चौकात वळताना खिडकीतून काकांचं डोकं बाहेर आलं आणि त्यांचा तो खालचा आवाज इतक्या दुरून मला कसा ऐकू आला, देव जाणे.

"मास्तर, हात."

मी हात हलवला.