बँडसॉची पाचवी पूजा

यंत्राच्या बिघाडाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात यंत्र बंद पडतं आणि दुसऱ्या टप्प्यात त्याच्याभोवती इंजिनीअर जमतात. पहिल्या टप्प्यातून बहुतेक यंत्रं सुखरूप बाहेर येतात. दुसऱ्या टप्प्याची आकडेवारी उपलब्ध नाही (ती गोळा करणारेही इंजिनीअरच असल्यामुळे).

हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या योगिनी टिपणीसचा बँडसॉ २०१४च्या ऑक्टोबरात या दोन्ही टप्प्यांतून गेला. बँडसॉ म्हणजे वर एक चाक, खाली एक चाक आणि दोघांवरून फिरणारं पोलादी पट्ट्यासारखं दातेरी पातं. चाकांना रबराची धाव असते, तिच्यावर पातं बसतं. लाकूड गोलाईत कापायचं तर याच्यासारखं दुसरं यंत्र नाही. योगिनीने ते विलम नावाच्या शेजाऱ्याकडून घेतलं होतं. विलम निवृत्त सुतार. त्याच्याकडे ते एकतीस वर्षं बिनतक्रार चाललं होतं (या काळात त्याची एकदाही पूजा झाली नव्हती, हे नंतर समितीने गांभीर्याने नोंदवलं).

योगिनी सुतार झाली ती सरकारी नियोजनामुळे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती इथे आली तेव्हा खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच शिकवणीत जागा नव्हती. सुतारकामाच्या वर्गात होती. तिथेही सगळे डचच बोलतात, तेव्हा भाषा आपोआप येईल, या हिशेबाने तिने नाव घातलं. तीन वर्षांत तिला डच बेताचं आलं आणि सुतारकाम उत्तम आलं. मग मागच्या शेडमध्ये ती पोळपाट करू लागली, पुढे चौरंग. सगळे ओळखीपाळखीतले, 'अंबरीशच्या बायकोने केलेत' म्हणून कौतुकाने नेलेले.

त्या वर्षी मात्र हार्लेमच्या वृंदाताईंचा फोन आला. त्या तिथल्या मराठी मंडळाच्या सचिव. पंचवीस ऑक्टोबरला सामुदायिक भाऊबीज होती आणि ओवाळून घ्यायला बसणाऱ्या भावांसाठी तीस पाट हवे होते, गोल कोपऱ्यांचे. वृंदाताई अंबरीशला ओळखत नव्हत्या. योगिनीला या गोष्टीचा इतका आनंद झाला की लाकूड आणायच्या आधी तिने शिक्का बनवून घेतला: 'योगिनी टिपणीस, उइटहॉर्न'. तो प्रत्येक पाटाच्या खाली उमटणार होता. पाट वेळेवर झाले नाहीत तर मंडळ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडणार होतं, आणि खुर्चीखाली कुणाचंच नाव नसतं.

चार दिवसांत सहा पाट झाले. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. त्या वर्षी ती गुरुवारी आल्यामुळे ती शनिवारी साजरी करण्यात आली. अंबरीश आणि त्याचे दोन मित्र, सुदर्शन आणि प्रणव, तिघेही सॉफ्टवेअरमधले. आजवर त्यांनी लॅपटॉपवरच भागवलं होतं. खरंखुरं, लोखंडी, हात कापू शकेल असं अवजार पूजेला मिळतंय म्हटल्यावर तिघेही सोवळ्यात आले. बँडसॉची वरची-खालची दोन्ही दारं उघडली गेली, कारण देवाला दार लावून कुणी नैवेद्य दाखवत नाही. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाने चार चिमटी अक्षता वाहिल्या. योगिनीनेही वाहिल्या, आणि मनोभावे वाहिल्या.

रविवारी यंत्र सुरू केलं. चौथ्या मिनिटाला पातं चाकावरून उतरलं.

अशा वेळी अडाणी माणूस दार उघडून आत बघतो. अंबरीशने समिती नेमली. अध्यक्ष तो स्वतः, कंपनांचा अभ्यास सुदर्शनकडे, एक्सेल प्रणवकडे. बिघाडाला क्रमांक मिळाला, प्राधान्य मिळालं, रोज सकाळी सव्वाआठला पंधरा मिनिटांचा कॉल सुरू झाला (सरासरी कालावधी: सत्तावन्न मिनिटं). तपास पूर्ण होईपर्यंत यंत्राला कोणी हात लावू नये, असा कागद शेडच्या दाराला चिकटवला गेला. योगिनीने विचारलं की मी तरी लावू का. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की तू यंत्राच्या फार जवळची आहेस, त्यामुळे तुझं मत निःपक्षपाती राहणार नाही.

एक्सेलमध्ये बिघाडाची एकेचाळीस संभाव्य कारणं जमा झाली. त्यांत हॉलंडची दमट हवा होती, विजेचा दाब होता, विलमची नियत होती, आणि शेडची जमीन समुद्रसपाटीच्या खाली असणं होतं. पूजेचा उल्लेख 'आधीच घेतलेली खबरदारी' या रकान्यात होता, तेव्हा तिच्यावर संशय घेण्याचा प्रश्नच आला नाही.

पुढच्या शनिवारी नवं पातं बसवलं. नवं पातं म्हणजे नवं हत्यार, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी छोटीशी पूजा झाली. नारळ, पाणी, अक्षता. पातं दोन मिनिटांत उतरलं. त्याच्या पुढच्या शनिवारी वरच्या चाकाचं बेअरिंग बदललं, पुन्हा पूजा, आणि पातं चाळीस सेकंदांत उतरलं. रविवारी मोटारीचा पट्टा बदलला आणि चौथी पूजा जरा सढळ हाताने केली. अकरा सेकंद. प्रणवने या आकड्यांचा आलेख काढला. रेषा इतकी सुबक उतरत होती की तो पाहून तिघांनाही प्रगतीचं समाधान वाटलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक' असा आवाज येतो, हे सुदर्शनने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं आणि 'टक' या नावाने जतन केलं.

मध्यंतरी विलम कुंपणापाशी आला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, आतून साफ केलंय का. अंबरीशने उत्तर दिलं, की चार वेळा पूजा झाली आहे. पूजा म्हणजे भारतात देखभालीची एखादी कडक पद्धत असणार असं समजून विलम मान डोलावत घरी गेला.

आता पाचच दिवस उरले होते आणि चोवीस पाट बाकी होते. योगिनी रोज शेडमध्ये जाऊन न कापलेल्या फळ्यांवरून हात फिरवून यायची. वृंदाताईंचा फोन आला की ती सांगायची, होतंय, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू यायचं. शिक्का टेबलाच्या खणात होता. तिने तो मागे सरकवून ठेवला.

समितीने अखेर मान्य केलं की उपाय अपुरे पडत आहेत. मंगळवारी संध्याकाळी शेडमध्ये सत्यनारायण करायचा ठरला. प्रसादाचा शिरा सुदर्शनकडे.

आणि सत्यनारायण म्हटल्यावर घर झाडायला हवं. देव येणार त्या जागी भुसा कसा चालेल? मंगळवारी सकाळी तिघे ऑफिसला गेल्यावर योगिनीने दारावरचा कागद बाजूला केला आणि शेड झाडली. मग ओलं फडकं घेऊन तिने यंत्र पुसायला सुरुवात केली, आणि खालचं दार उघडलं.

खालच्या चाकाच्या रबरावर एका जागी सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. लालसर, टणक. तिने चाक हाताने फिरवलं. टेंगूळ वर आलं, पातं उचललं गेलं, टक. तिने जवळून पाहिलं तर ते तांदूळ होते. चार पूजांच्या अक्षता, कुंकू, नारळाचं पाणी आणि बारीक भुसा यांचा मिळून असा लगदा वाळला होता की तो तिला एरवी भेगा बुजवायला उपयोगी पडला असता. तिने स्वयंपाकघरातून उलथणं आणलं, टेंगूळ खरवडून एका वाटीत काढलं, रबर पुसलं, दोन्ही दारं लावली आणि बटण दाबलं. यंत्र चालू राहिलं. योगिनी खाली बसून पोटभर रडली आणि मग तिने फळी लावली.

संध्याकाळी समिती शिऱ्यासकट आली तेव्हा सहा पाट कापून भिंतीला उभे होते. योगिनीने वाटी पुढे केली. "ह्या तुमच्या अक्षता. चाकाला चिकटल्या होत्या. खरवडल्या, मशीन चालू झालं."

अंबरीशने वाटी दिव्याखाली धरून पाहिली. चेहरा पडला होता. "पण तू दार कशाला उघडलंस?"

"सत्यनारायणासाठी पुसायला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुदर्शनचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे सत्यनारायणामुळेच झालं," तो म्हणाला, आणि वाटीला नमस्कार केला.

या युक्तिवादात योगिनीला एकही चूक सापडेना, कारण तो खरा होता. अहवालात लिहिलं गेलं की पहिल्या चार पूजा अपुऱ्या होत्या आणि पाचवीच्या नुसत्या संकल्पाने काम झालं. पुढच्या वर्षी यंत्राची दारं लावून पूजा करावी, ही योगिनीची सूचना तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळण्यात आली.

पंचवीस तारखेला तीस भाऊ तीस पाटांवर बसले. ओवाळणी चालू असताना योगिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला आजवर फक्त फोनवर भेटलेल्या वृंदाताईंनी पाट आवरताना एक उलटा करून पाहिला आणि हाक मारली, "योगिनी टिपणीस कोण हो तुमच्यात?" अंबरीश जवळच होता. "माझी बायको," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तोवर योगिनी पुढे झाली होती.

वाचकांना या समितीचं हसू आलं असेल तर ते योग्यच आहे. फक्त मागच्या दसऱ्यानंतर आपला लॅपटॉप अडकायला लागला, दुरुस्तीवाल्याने की-बोर्ड उलटा करून झटकला आणि टेबलावर लाल तांदळाचे सात दाणे पडले, तेव्हा आपण "मुलांनी काहीतरी सांडलं असेल" असं म्हणाला होतात. मुलांची माफी मागायची राहिली आहे.