एका बोकडात बसणारा टॅब

टॅब बघायला आलेलं माणूस सहसा काय करतं? गेम लावतं, नाहीतर स्वतःचा फोटो काढून बघतं. भरे गावच्या ज्ञानोबातात्यांनी माझ्या दुकानात पहिलाच टॅब हातात घेतला, त्याचं पेन उचललं आणि काचेवर लिहिलं, 'कै. रमणशेठ'.

रमणशेठ म्हणजे आमच्या समोरचे किराणावाले. ते त्या वेळी माझ्याच काउंटरवर कोपर टेकून उभे होते.

"अहो तात्या, मी जित्ता हाय की!"

"टेस्टिंग चाललंय. मनावर घिऊ नका," तात्या म्हणाले आणि पुढं लिहिलं, 'मनमिळाऊ, कष्टाळू व अजातशत्रू'. अजातशत्रू वाचून रमणशेठ जरा निवळले.

मुळशी तालुक्यात पौडला माझं मोबाईलचं दुकान आहे. चिकट गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितली, पण तात्या त्या सगळ्यांचे बाप. दिवाळीत टॅब निवडायला सुरुवात केली ती आखाड आला तरी निवडतच होते. तेवढ्या वेळात लोक मुलगी बघतात, लग्न करतात आणि डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला येतात.

आता हे तात्या करतात काय, ते सांगतो. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत माईकवर श्रद्धांजलीची भाषणं चालतात. ज्यांनी मयताला जन्मभर ओळखलं ते खाली सतरंजीवर गप्प बसतात आणि ज्यांनी कधी बघितलं नाही ते वर उभे राहून बोलतात. कारखान्याचे संचालक, सभापती, सरपंच. त्यातही आजी, माजी आणि भावी. या सगळ्यांची नावं टिपून घ्यायची, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं एकेकाला बोलवायचं आणि मधल्या वेळात आपण बोलत राहायचं, हे तात्यांचं काम. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते हेच करतायत. पैसे घेत नाहीत. टॉवेल-टोपी दिली तर घेतात. त्यांच्या घरी खिडक्यांना पडदेसुद्धा टॉवेलांचे आहेत.

त्या माईकची इतकी सवय लागली की घरीदारी तीच भाषा. चहा आला की म्हणायचे, "चहाला मी विनंती करतो, त्यांनी स्थानापन्न व्हावं." दुकानात कुत्रं शिरलं तर, "उपस्थितांनी कृपया बाहेर जावं, हाड!"

आणि माईक कोणाचा? माझ्या अब्बांचा. हमीदभाई माईकवाले. कोणाच्याही लग्नाला, जत्रेला, दहाव्याला स्पीकर आमचा आणि त्यावर आवाज तात्यांचा. दोघं सारख्या वयाचे आणि सारखेच हट्टी. तात्या लांबण लावायला लागले की अब्बा मशीनवरचं बटण हळूच फिरवून आवाज बारीक करायचे.

"हमीद, आवाज वाढव!" तात्या तिकडून ओरडायचे. अब्बा मान डोलवायचे आणि अजून बारीक करायचे.

"ग्यानबा, तुझ्या भ्यानं कावळा झाडावरनं उतरंना," असं वर सांगायचे. एवढं भांडून दोघं परत एकाच टेम्पोतून, एकाच बिडीच्या बंडलावर घरी.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका दहाव्याला भुरभुर पाऊस आणि वारा एकदमच आले. तात्या नावं चिठ्ठ्यांवर लिहायचे. चिठ्ठ्या भिजल्या, एकीला दुसरी चिकटली आणि तात्यांनी खड्या आवाजात पुकारलं, "कैलासवासी संचालकसाहेब यांच्या पवित्र स्मृतीस..." संचालकसाहेब पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. बायकांच्या बाजूला त्यांच्या मंडळींनी वळून न बघताच हंबरडा फोडला. साहेबांना उठून "अगं, मी हितं हाय!" असं ओरडायला लागलं.

तिथून तात्यांचे दिवस फिरले. लोक चांदे गावच्या प्रणवला बोलवायला लागले. हा प्रणव हिंजवडीला कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी माईकवर. हातात टॅब, त्यात नावं. वारा सुटला तरी त्याचा कागद उडत नाही आणि केसही उडत नाहीत.

म्हणून तात्यांना टॅब पाहिजे होता.

"सलीमशेठ," मला म्हणाले. एरवी मी सल्या, काम असलं की शेठ. "माईक गेला तर माज्याकडं ऱ्हातं काय? बायको गेली. पोरगं पुन्यात. घरात बोलाया म्हस हुती, ती बी इकली."

असं बोलल्यावर माणसाला टॅब दाखवावाच लागतो. मी विचारलं, "बजेट किती तात्या?"

"एक बोकड."

"म्हणजे?"

"दारात बोकड बांदलाय. त्यो इकनार. त्येच्यात बसंल आसा दाव."

झाली पंचाईत. बाकीच्यांचं बजेट ठरलेलं असतं, तात्यांचं पाला खात होतं. दर आठवड्याला येऊन सांगायचे, "जरा भारीतला काड. बोकडानं आंग धरलंय." मधे एकदा बोकडाला हगवण लागली, तेव्हा तोंड पाडून आले आणि गुपचूप सगळ्यात स्वस्तातला बघून गेले.

मी माझ्या परीनं सांगायचो. रॅम बघा, स्टोरेज बघा, बॅटरी बघा. "त्यो इषय न्हाई," हे त्यावर एकच उत्तर. त्यांची परीक्षा वेगळीच. एक टॅब घेऊन थेट भर रस्त्यात जाऊन उभे राहिले, का तर घाटावर ऊन असतं, उन्हात अक्षर दिसलं पाहिजे. मागं एसटी खोळंबली. ड्रायव्हरनं तोंडाला येईल ते सुनावलं. तात्यांनी शांतपणे मान वर करून त्याला नाव विचारलं आणि 'कै.' लावून लिहून घेतलं.

दुसऱ्या टॅबवर माझ्या माठातलं पाणी शिंपडलं. पावसात चालतो का बघायला! मी बोंब मारली. "आरं, मुळशीत ऱ्हातोस आन पान्याला भितोस?" हे वर मलाच. अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तिसरा त्यांना पसंत पडला होता, पण तात्या लिहिताना पंजा काचेवर असा दाबून टेकतात की काच घाबरते. नाव एकीकडे आणि पंजाच्या रेघोट्या दुसरीकडे. चौथ्याला तो त्रास नव्हता, पण त्याचं पेन वेगळं विकत घ्यायचं होतं. हे ऐकल्यावर तात्या काउंटर सोडून मागं सरकले.

"पेन येगळं? उद्या म्हनशील माईक घ्या, आवाज येगळा."

"आता असंच असतं तात्या."

"हमीद, तुजं पोरगं लुटतंय रं लोकान्ला!"

"मंग? फुकट शिकिवलंय व्हय त्येला?" अब्बा म्हणाले.

शेवटी एक टॅब निघाला. पेन सोबत, हात टेकला तरी चालतो, उन्हातही बऱ्यापैकी दिसतो. त्यात मी त्यांना एक गोष्ट दाखवली. लिहिलेल्या नावाभोवती पेनानं गोल करायचा आणि ते नाव ओढून वर न्यायचं किंवा खाली आणायचं. तात्या थक्क झाले. उशिरा आलेल्या पुढाऱ्याला वर घुसवायला त्यांनी जन्मभर चिठ्ठ्यांवर बाण काढले होते. आता सभापतीला ओढून सरपंचाच्या वर ठेवला, परत खाली आणला, परत वर. माजी आमदाराला तर त्यांनी तळाला नेऊन थोडा वेळ तसाच ठेवला. कुठलं तरी जुनं उट्टं असणार.

"आयला, मानपान वडता येतुया!" म्हणाले. "ह्योच. बोकड इकला की घिऊन जातो."

बोकड विकला गेला आखाडात, गटारीच्या आधी, म्हणजे भाव चढलेला असतानाच. तात्या पैसे घेऊन आले तर माझं दुकान बंद. अब्बांना छातीत कफ झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. तिथून ते परत आले नाहीत.

मातीला तात्या आले होते. डोक्याला टॉवेल बांधून, सगळ्यात मागं, भर पावसात. त्यांनीही मूठभर माती टाकली. सगळं झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बोलनार कोन?"

"आमच्यात बोलत नाहीत तात्या. दुआ मागतात."

"दोन शब्द बी न्हाई?"

"नाही."

तात्यांनी डोक्याचा टॉवेल घट्ट केला आणि ते पावसातच निघून गेले.

पुढं बरेच दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, "दे त्यो टॅब," म्हणाले, पैसे ठेवले. ऊन नाही, पाणी नाही, कोणाला कैलासवासी करणं नाही. रमणशेठ मुद्दाम येऊन समोर उभे राहिले होते, त्यांचीसुद्धा निराशा झाली.

त्याच सुमारास एका माजी सरपंचाची आई वारली. प्रणव कंपनीच्या कामानं बाहेरगावी, म्हणून दहाव्याला तात्यांना बोलावणं आलं. पण माजी सरपंचांनी दम भरला. "संचालकसाहेब पयलं बोलनार. त्यात इकडचं तिकडं झालं तर तात्या, तुमचा माईक कायमचा बंद." मुळशीत अशी गोष्ट वाऱ्यासारखी पसरते, त्यामुळे हे सगळ्या घाटाला माहीत होतं.

स्पीकर घेऊन मी गेलो होतो. मशीनशी बसलो होतो आणि तात्या माझ्या शेजारीच टॅबवर नावं टिपत होते. यादी झकास झाली होती. संचालक पहिले, त्याखाली सभापती, मग सरपंच लोक. मी म्हटलं, जमलं बाबा एकदाचं.

मग तात्यांनी सगळ्यात खाली अजून एक नाव लिहिलं. त्याच्याभोवती गोल केला आणि ते ओढत वर न्यायला लागले. भावी सरपंच ओलांडला, माजी ओलांडला, सभापती ओलांडला. संचालकांच्या वर नेऊन ठेवलं आणि पेन खिशाला लावलं. मी वाचलं. हमीदभाई माईकवाले.

"तात्या, वेडेपणा करू नका," मी म्हटलं.

"आवाज नीट ठेव," म्हणाले आणि उठले.

म्हातारीबद्दल चार शब्द चांगले बोलले. मग संचालकसाहेबांनी उठायच्या तयारीनं टोपी नीट केली, तोच तात्या म्हणाले, "पयली श्रद्धांजली मी सोता वाहनार हाय. ती ह्या माईकच्या मालकाला. हमीदभाईला."

घाटावर चुळबुळ झाली. तात्यांनी टॅब बघितलाच नाही. मनमिळाऊ नाही, अजातशत्रू नाही.

"हितल्या परत्येकाच्या घरातल्या मयताला त्येनं माईक लावला. त्यो गेला तवा कोन बोललं न्हाई. त्यांच्यात तशी रीत न्हाई. पर माज्यात हाय. माजी बायको गेली, तवा हितंच मी माईक घेतला आन मला रडू फुटलं. तुमी कुनी ऐकलं न्हाई. कारन हमीदनं बटान बंद केलं हुतं. लोकांफुडं माजी शोभा हुईल म्हनून. जलमभर मी त्येला आवाज वाढव म्हनून शिव्या दिल्या..."

त्यांचा हुंदका स्पीकरमधून नदीच्या पलीकडपर्यंत गेला. बटण माझ्या हाताशी होतं, पण मला दिसत नव्हतं. मी इकडं मशीनवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होतो.

आणि तेवढ्यात कावळा शिवला.

कावळा शिवला म्हणजे संपलं. माणसं भराभरा उठली, चपला शोधायला लागली. संचालक नाही, सभापती नाही, आजी नाही, माजी नाही. कोणी म्हणता कोणी बोललं नाही. मला वाटतं, इतकं सुटसुटीत दहावं मुळशीत पहिल्यांदाच झालं असावं. संचालकसाहेब लाल तोंडानं गाडीत बसले. माजी सरपंचांनी टॉवेल-टोपी पिशवीतून काढलीच नाही. पुढचं दहावं चांद्याला होतं, ते प्रणवला गेलं आणि त्याच्या पुढचंही.

त्या दिवशी घाटावर मी वायरी गुंडाळत होतो, तात्या स्पीकरच्या खोक्यावर बसून होते.

"झाला खेळ," म्हणाले. मग एक वायर माझ्याकडे सरकवत, "सल्या, तुमच्या कबरस्तानात आमाला येऊ देत्यात का रं?"

"कोण अडवतंय?"

स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेलो. फाटकाशी त्यांनी टॅब माझ्याकडे धरायला दिला, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि आत गेले. अब्बांपाशी उकिडवे बसले आणि सुरू झाले. बोकडाला भाव काय मिळाला, टॅब कसा निघाला, संचालकाचं तोंड कसं झालं. मधेच थांबायचे, अब्बांनी काही सुनावल्यासारखी मान झटकायचे आणि परत चालू. तात्या एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत आणि अब्बांना आता उठून जायची सोय नव्हती. दुकान उघडायची माझी वेळ कधीच टळून गेली होती. मी काही त्यांना हाक मारली नाही.